‘चालतंय ना’ म्हणून दार उघडं ठेवायचं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा सीझन आला की प्रत्येक ग्रुपमध्ये एक वेळ हमखास येते. रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी सबमिशन आहे आणि लॅपटॉपवर झकास चालणारं अ‍ॅप क्लाउडवर टाकल्यावर डेटाबेसला कनेक्टच होत नाहीये. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ एवढंच परत परत दिसतंय. मग कुणीतरी यूट्यूबवर उत्तर शोधतं, डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ०.०.०.०/० टाकतं आणि सगळं धडाधड सुरू होतं. चहा, सेल्फी, झोप!

ही एवढीशी ओळ म्हणजे ‘जगातल्या कुठल्याही आयपी अ‍ॅड्रेसवरून या, हरकत नाही’ असं आमंत्रण. माझं स्पष्ट मत आहे, ज्या प्रोजेक्टमध्ये खऱ्या माणसांची माहिती आहे आणि ही ओळही आहे, तो प्रोजेक्ट पूर्ण झाला असं धरूच नये. डेमो कितीही भारी झाला तरी.

आता गंमत बघा, ही ओळ टाकणारी मुलं काही आळशी नसतात. त्यांची खरी अडचण असते. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नाहीच असं नव्हे. सर्व्हर आपण सांभाळायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण फक्त फंक्शन लिहायचं, कुणी बटण दाबलं की ते जागं होतं, काम करतं आणि काम नसेल तेव्हा गायब होतं. अ‍ॅमेझॉनने २०१४मध्ये लॅम्डा आणलं तेव्हापासून ही पद्धत रुळली. विद्यार्थ्यांना ती आवडते, कारण महिन्याला दहा लाख रिक्वेस्टपर्यंत लॅम्डा फुकट आहे. पण हे फंक्शन एकदा या मशीनवर चालतं, एकदा त्या. त्याला स्वतःचा कायमचा पत्ता नाही. मग डेटाबेसच्या वॉचमनला सांगणार तरी काय, की अमुक पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोड? पत्ताच ठरलेला नाही म्हटल्यावर शॉर्टकट सुचतो, सगळ्यांनाच सोड!

ओसरी आणि माजघर

याचं उत्तर आपल्या जुन्या वाड्यांत आहे. ओसरीवर कुणीही येऊन बसावं, पाणी प्यावं. माजघरात मात्र घरातलीच माणसं. क्लाउडमध्येही असंच करता येतं. तिथे तुमच्यापुरतं खासगी नेटवर्क बनवता येतं, त्याला व्हीपीसी म्हणतात. डेटाबेस त्याच्या माजघरात, म्हणजे प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवायचा. त्याला पब्लिक पत्ता द्यायचाच नाही. आणि फंक्शनलाही त्याच नेटवर्कमध्ये आत आणायचं. लॅम्डामध्ये ही सोय २०१६पासून आहे. गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही आहे.

यातला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे सिक्युरिटी ग्रुप. डेटाबेसच्या ग्रुपमध्ये नियम लिहिताना आकड्यांचा पत्ता द्यावाच लागत नाही. ‘फंक्शनच्या ग्रुपमधून जो येईल त्यालाच या पोर्टवर सोड,’ असं थेट लिहिता येतं. पोस्टग्रेस असेल तर पोर्ट ५४३२, मायएसक्यूएल असेल तर ३३०६. फंक्शन एक चालू असो की दोनशे, पत्ता दर वेळी बदलो, नियम तोच राहतो. म्हणजे ज्या अडचणीपायी सगळं जग आत घेतलं होतं, ती अडचण एका ओळीत सुटते. हे कळल्यावरही ०.०.०.०/० ठेवणं म्हणजे निव्वळ वेळ मारून नेणं.

अर्थात, याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फंक्शन व्हीपीसीत गेलं की त्याचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध तुटतो. ओटीपी पाठवायचाय, पेमेंट गेटवेला विचारायचंय, तर नॅट गेटवे लागतो आणि त्याचं मीटर तासागणिक पडतं. पॉकेटमनीतून ते परवडत नाही. ‘व्हीपीसीमुळे फंक्शन स्लो होतं’ हे कारण मात्र जुनं झालं. पूर्वी आत शिरताना फंक्शनला कधी कधी दहा-दहा सेकंद लागायचे, हे खरं. पण अ‍ॅमेझॉनने २०१९मध्ये ती रचनाच बदलली. जुने ब्लॉग वाचून आजचे निर्णय घेऊ नका.

किल्ली कुठे ठेवली?

दार लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली तर काय उपयोग? डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहायचा आणि तो कोड गिटहबवर ढकलायचा, हा दुसरा राष्ट्रीय छंद. ‘रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे हो’ असं कुणी म्हणालं तर त्याला उबरचं उदाहरण सांगा. २०१६मध्ये हल्लेखोरांना उबरच्या गिटहबवरच्या कोडमध्ये क्लाउडची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने हे जगाला सांगायला वर्ष लावलं. पासवर्ड ठेवायला सीक्रेट्स मॅनेजरसारख्या तिजोऱ्या आहेत. त्याहून चांगलं म्हणजे पासवर्डच नको. अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेसवर फंक्शनच्या ओळखीवर टोकन मिळतं आणि ते पंधरा मिनिटांत बाद होतं. चोरलं तरी चोराच्या हाती फार काही लागत नाही.

आणि नुसत्या भिंतींवर विसंबायचं नाही. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं २०१९चं प्रकरण यासाठी वाचायलाच हवं. एका चुकीच्या पद्धतीने लावलेल्या फायरवॉलला फसवून हल्लेखोराने त्याची क्लाउडमधली ओळख मिळवली. त्या ओळखीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिलेले होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांचा डेटा गेला आणि पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. आपल्यासाठी धडा साधा आहे. जे फंक्शन फक्त यादी दाखवतं त्याला फक्त वाचायचा अधिकार द्या. सगळ्या फंक्शनना अ‍ॅडमिनचं लॉगिन देणं म्हणजे पाहुण्याला जामदारखान्याची किल्ली देणं.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. उत्तर दोन भागांत आहे. पहिलं, चोर तुम्हाला ओळखत नाही. इंटरनेटवर बॉट दिवसरात्र उघडी पोर्ट शोधत फिरत असतात. त्यांना ते कॉलेजचं काय आणि बँकेचं काय, सारखंच. जानेवारी २०१७मध्ये पासवर्ड न लावलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि त्यांच्या जागी बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. पैसे भरूनही अनेकांना डेटा परत मिळाला नाही, कारण चोराने कॉपी ठेवलीच नव्हती.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. फेस्टच्या रजिस्ट्रेशन अ‍ॅपमध्ये काय असतं आठवा. नाव, वर्ग, मोबाइल नंबर, ईमेल, कधी आयडी कार्डाचा फोटो, हॉस्टेलची रूम. हजार मुलामुलींचे नंबर कुणाच्याही हाती लागले तर त्रास अ‍ॅप बनवणाऱ्याला होत नाही. तो त्या मुलीला होतो, जिला रात्री-अपरात्री अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागतात आणि नंबर कुठून गेला हे कधीच कळत नाही. तिने भरवशाने फॉर्म भरला होता. तो भरवसा तुमच्या सेटिंगच्या एका ओळीवर उभा होता.

कायद्याचंही ऐकून ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फायनल इयरच्या ग्रुपकडे कुणी अडीचशे कोटी मागायला येणार नाही, हे उघड आहे. पण दोन वर्षांनी तुम्ही जिथे नोकरीला असाल तिथे येऊ शकतं, आणि हाताला लागलेली सवय ऑफर लेटर आलं म्हणून सुटत नाही.

मग पैसे नसणाऱ्यांनी काय करायचं? माझं उत्तर काहींना कडक वाटेल. सुरक्षित ठेवता येत नसेल तर खरी माहिती गोळाच करू नका. डेमोसाठी खोटी नावं, खोटे नंबर पुरतात. खरं अ‍ॅप चालवायचंच असेल तर गरजेपुरतंच विचारा, बाहेरच्या सेवांशी बोलणारं फंक्शन वेगळं ठेवा आणि डेटाबेसशी बोलणारं आत ठेवा. बऱ्याच प्रोजेक्टचा नॅट गेटवे एवढ्याने वाचतो. फेस्ट संपला की डेटा पुसून टाका.

थोडी जबाबदारी शिक्षकांचीही आहे. व्हायवात ‘कुठली टेक्नॉलॉजी वापरली?’ हे सगळे विचारतात. ‘डेटाबेस कुठून कुठून उघडतो, दाखव’ हे फारसं कुणी विचारत नाही. या एका प्रश्नाला पाच मार्क ठेवले तर पुढच्या बॅचपासून फरक दिसेल, कारण मार्कांसाठी आपण काय काय शिकतो हे सांगायला नको.

तोवर आजच एक काम करा. तुमच्या जुन्या प्रोजेक्टचं क्लाउड अकाउंट उघडा, डेटाबेसचे नियम बघा. ०.०.०.०/० दिसलं तर ते काढा, पासवर्ड बदला आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.