वऱ्हाडातला ‘ऱ’ कुठं गेला?

मागच्या स्नेहसंमेलनाच्या वेबपेजवर ‘वऱ्हाडी कविसंमेलन’ऐवजी ‘वर्हाडी कविसंमेलन’ आलं. टाईप करणारा आमचाच रूममेट. त्याला म्हटलं, तर उत्तर आलं, ‘‘समजते ना बे, मंग झालं!’’

समजते, पण झालं नाही. शेगाव-खामगावपासून मेहकरपर्यंत आपण स्वतःला वऱ्हाडी म्हणवतो आणि तेच नाव धड लिहिता येऊ नये? शिवाय हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. ‘आचार्यांना’ सुट्टी म्हणजे गुरुजन घरी. ‘आचाऱ्यांना’ सुट्टी म्हणजे मेस बंद. होस्टेलवाल्यांना फरक सांगायला नको.

घोळ असा की साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढचं अक्षर जोडलं की कॉम्प्युटर रफारच काढतो. युनिकोडमध्ये पापणीसारख्या अर्ध्या र साठी नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा लागतो, क्रमांक ०९३१. हे अक्षर मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला वेगळा र लिहिण्यासाठी. मराठीचा अर्धा र त्याच्याच मांडीवर बसवलाय. तक्त्यात पापणी शोधणाऱ्याला म्हणून ती दिसतच नाही.

एचटीएमएलमध्ये कॉपीराईटच्या किंवा डिग्रीच्या चिन्हाला नाव असतं. एचटीएमएल ४ मध्ये अशी २५२ नावं होती, त्यात देवनागरी अक्षर एकही नाही. तेव्हा आपल्याला क्रमांकच हवा. अँपरसँड, हॅश, २३५३, सेमीकोलन. तसाच पुढं हलंताचा २३८१ आणि ‘ह’चा २३६१. (आकडे इंग्रजीच टाका हं, मराठी आकडे ब्राउझर घेत नाही.) तक्त्यातला ०९३१ हा हेक्साडेसिमल आहे, तो वापरायचा तर हॅशनंतर एक्स हवा. रूममेट एक्स विसरला आणि कविसंमेलनात ग्रीक सिग्मा अवतरला! दशमान ९३१ त्याचा.

कुणी म्हणतात, शब्दाचं चित्र करून चिकटवा. चित्रातला शब्द सर्चमध्ये सापडत नाही, अन् आंधळ्या मित्राच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही. रुपयाचं चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, ऑक्टोबरात त्याला युनिकोडचा क्रमांक मिळाला. आपल्या ‘ऱ’चा क्रमांक त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, पण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याला जागा नाही. पहिल्या वर्षाच्या वेबपेजच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं स्वतःचं नाव नि गाव देवनागरीत, क्रमांक शोधून लिहावं, एवढी मागणी मी सरांकडे केलीय. आमच्या बॅचला एक गोऱ्हे आहे, तो सर्वात आधी तयार झाला.

पेज दुरुस्त झालं. जिन्याजवळच्या बॅनरवर मात्र ‘वर्हाडी’ अजून लटकलेलंच आहे.