रामघाटाचं पाणी आणि आमची तुळस

आईचा उज्जैनमधला नेम ठरलेला. पहाटे रामघाटावर जायचं, क्षिप्रेत स्नान करायचं आणि येताना तांब्याभर पाणी आणून तुळशीला घालायचं. दिवाळीत घरी गेलो तर तुळस पिवळी. खालची पानं आधी गेलेली, शेंड्याला थोडा हिरवेपणा. "पाणी कमी पडतंय," असं ठरवून आईने दुपारचाही एक तांब्या सुरू केला होता.

मी सॉफ्टवेअरवाला. लॉग वाचल्याशिवाय सर्व्हर रीस्टार्ट करू नये, एवढं नोकरीने शिकवलंय. झाडाचा लॉग म्हणजे पानं. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी असतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्यांना देतं. लोह तसं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीत बोट घातलं तर नुसता चिखल. नत्र तळच्या भोकातून वाहून गेलेलं, आणि उरलेलं घ्यायला मुळांना हवाच नाही.

मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं फार थोडं झाडात राहतं. बाकीचं पानांवरच्या पर्णरंध्रांतून उडून जातं. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्र उघडावंच लागतं आणि उघडलं की पाणी जातंच. आत आलेला कार्बन पकडणारी प्रथिनं नत्राशिवाय बनत नाहीत, हरितद्रव्यही नाही (त्याला मधोमध मॅग्नेशियमही लागतं). म्हणजे नत्र नसेल तर दार उघडं, पाणी चाललंय आणि चूल थंड. दाराची कडी पोटॅशियमची. रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशींत ते शिरलं की मागोमाग पाणी येतं, पेशी फुगतात, रंध्र उघडतं. ते बाहेर पडलं की मिटतं. पोटॅश कमी असेल तर कडक उन्हात दार वेळेवर लागत नाही.

कुंडीपुरतंच असतं तर एवढं लिहिलं नसतं. पण रामघाटाचं पाणी तरी कुठे फुकट येतं? 2014 पासून नर्मदेचं पाणी ओंकारेश्वरच्या कालव्यातून उपसून, सुमारे 350 मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडतात. आणि त्याच माळव्यात किलोभर गहू पिकवायला शेकडो लिटर पाणी पानांतून उडून जातं. आमचे काका पीक पिवळं दिसलं की आधी मोटर चालू करतात. इथल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह आणि जस्त असूनही नीट विरघळत नाही, म्हणून जास्त पावसात सोयाबीनही पिवळं पडतं. तिथे आणखी पाणी म्हणजे आगीत तेल. युरियाची गोणी ओतणं हाही उपाय नव्हे. पानं माजतात आणि पाणी जास्तच पितात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या 12 गोष्टी तपासून मिळतात. काकांनी ती काढलीय. कपाटात आहे.

तुळशीला दोन मुठी गांडूळखत घातलं, माती उकरली, दुपारचा तांब्या बंद. पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, गळून गेली. नवी फूट मात्र तीन आठवड्यांत आली, असा आईने फोटो पाठवला. क्षिप्रामाईचं पाणी वाया कसं घालवायचं, म्हणून ती आता तुळशीला अर्धाच तांब्या घालते. उरलेला मोगऱ्याला जातो.

मोगऱ्याचा फोटो अजून आलेला नाही.