ठोकलेला स्क्रू
कपाटाची बिजागरी वर्षभरात लोंबायला लागली की लोक प्लायला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा दोष हातोडीचा असतो. घाईत असलेला सुतार स्क्रू अर्धाअधिक ठोकतो आणि शेवटचे दोन फेरे तेवढे पिळतो. त्यात लाकडाचे तंतू फाटतात, मग आट्यांनी धरायचं कशाला? आधी भोक पाडायलाच हवं. खालच्या लाकडात ते आटे सोडून उरणाऱ्या दांड्याइतकं बारीक, वरच्या फळीत मात्र स्क्रू सैल जाईल एवढं. वरचं भोकही घट्ट राहिलं तर आटे दोन्हीकडे रुततात आणि मधली फट काही केल्या मिटत नाही. सागवानात पितळी स्क्रू बसवताना तर फारच जपावं लागतं. पितळ मऊ, जोर दिला की डोकं तुटून हातात येतं. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पिळून बसवावा आणि परत काढावा, मग पितळी स्क्रूला मेण लावून तो हातानेच बसवावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत मात्र साधा लोखंडी स्क्रू कायमचा ठेवू नये. चार पैसे जास्त गेले तरी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा.