सुडोकूआधी कान!

आई-बाबांचा मेंदू तल्लख राहावा म्हणून सुडोकूचं पुस्तक घेताय? जरूर घ्या. पण आधी त्यांचे कान तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ कमिशनचा २०२४ चा अहवाल सांगतो, की १४ धोके आयुष्यभर सांभाळले तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात. त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा वाढलेल्या कोलेस्टेरॉलइतकाच, ७ टक्के! माझी आजी शब्दकोडं झटक्यात सोडवते. पण ऐकू येईना म्हणून तिचं भजनी मंडळ सुटलं होतं. कानाला मशीन लागलं आणि गप्पा, टाळ, भांडणं सगळं परत सुरू! मेंदूला माणसं लागतात हो. तेव्हा ‘काही नाही, जाऊ दे’ म्हणू नका, वाक्य पुन्हा सांगा. आणि या शनिवारी मॉलऐवजी ऑडिओमेट्री!