रुसायचेच तर 'झिंगाट'वर कशाला?

संगीतकार अजय-अतुल यांचे नवे गाणे आले की धाराशिवपासून पुण्यापर्यंत त्यांच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट त्यावर नाचून मोकळा होतो, दुसरा 'जोगवा' चित्रपटातल्या गाण्यांची आठवण काढून उसासे टाकतो. गंमत म्हणजे पुष्कळदा हे दोन्ही तट एकाच माणसात नांदत असतात. वरातीत 'झिंगाट'वर घामाघूम व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी 'एवढ्या ताकदीच्या माणसांनी असली बाजारू गाणी करू नयेत' असे म्हणायचे. ही कुरकुर 2006 मध्ये 'जत्रा' चित्रपटातल्या 'कोंबडी पळाली'पासूनची आहे. 2016 मध्ये 'झिंगाट'च्या 'सैराट'ने तिला बळ दिले आणि 2023 मध्ये 'महाराष्ट्र शाहीर'मधल्या 'बहरला हा मधुमास'वर रील्सचा पूर आला तेव्हा तिला 'गुळमट' हा नवा शब्द मिळाला. आवडत्या कलावंतावर रुसण्याचा चाहत्याला हक्क आहेच. पण हा रुसवा चुकीच्या गाण्यांवर काढला जातो आहे.

'आधी हे लोक अस्सल होते, मग बाजाराला लागले' ही या नाराजीमागची समजूत. सनावळ्या पाहिल्या तर ती टिकत नाही. 'कोंबडी पळाली' आधीचे, 'जोगवा' तीन वर्षांनंतरचा. ज्यांना 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांनी कोंबडी आधीच उडवून दिली होती. 2010 च्या पहिल्याच दिवशी आलेल्या 'नटरंग'मध्ये तर दोन्ही टोके एकाच चित्रपटात आहेत. 'वाजले की बारा'ची ठसकेबाज लावणी आणि देवालाच जाब विचारणारे 'खेळ मांडला', दोन्हींचे गीतकार गुरू ठाकूर आणि दोन्हींचे संगीतकार हेच. एक गाणे पोटासाठी आणि दुसरे आत्म्यासाठी, अशी वाटणी करून पाहा. चित्रपटच लंगडा पडेल. नायक गुणा कागलकरची शोकांतिका उभी राहते ती त्या फडाच्या झगमगाटावरच.

खरे तर ही गोष्ट धाराशिव जिल्ह्यात कुणी समजावून सांगायला नको. तुळजाभवानीच्या या मुलखात लग्नानंतर घराघरांत गोंधळ घातला जातो. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने आधी ठिकठिकाणच्या देवदेवतांना आवतण, मग रात्रभर आख्यान. त्या आख्यानात नायक गंभीर कथा लावतो आणि साथीदार मधूनच त्याची फिरकी घेतो, मंडळी पोट धरून हसतात, पण म्हणून कुणाला देवीचा अपमान झाल्यासारखे वाटत नाही. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग एकाच बैठकीत ऐकणारा हाच प्रेक्षक. होनाजी बाळाच्या नावावर 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आहे आणि शृंगाराने ओथंबलेल्या लावण्याही आहेत. राम कदमांनी 1971 मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला संगीत दिले आणि पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'ला. सोवळ्यातली आणि ओवळ्यातली अशी गाण्यांची विभागणी मराठी रसिकाने अलीकडेच शिकून घेतली आहे. बीटल्सच्या चाहत्यांचेही याहून निराळे नाही. 1968 च्या त्यांच्या गाजलेल्या दुहेरी अल्बममधल्या 'ओब-ला-दी, ओब-ला-दा' या हलक्याफुलक्या गाण्यावर ते अजून भांडतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, पूर्वीच्या लावणीत सूचकता होती, आता नुसता ठेका उरला. पण निवड करताना आपण काळाला चाळणी करू देतो, हे यात विसरले जाते. शंभर लावण्यांतल्या चार उरल्या आणि त्या चारांवरून आपण सगळ्या शंभरांची अब्रू ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि 'झिंगाट'ने म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते. हा त्रास खराच आहे. मात्र त्या भिंतींवर 'जोगवा'तले 'लल्लाटी भंडार' लावले तरी खिडक्यांची तावदाने तशीच हादरतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि ती पाळली जात नसेल तर जाब पोलिसांना आणि मंडळांना विचारायचा. चालीला कशाला?

हलक्या गाण्याला एकच निकष लावावा: ते ज्या जागी बसवले आहे, तिथे त्याचे काही काम आहे का? 'सैराट'मध्ये 'झिंगाट' वाजते ते पाटलाच्या घरच्या वाढदिवसाला. त्याच सोहळ्यात नायिका आर्ची आणि नायक परश्या पकडले जातात आणि तिथून चित्रपटाचा सूर पालटतो. गाणे जितके बेभान, तितका पुढचा तडाखा जोरकस. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ते उगाच पेरलेले नाही. 'यड लागलं'ला हॉलिवूडमधल्या वाद्यवृंदाची श्रीमंती मिळाली म्हणून ते उच्च आणि 'झिंगाट' वरातीत वाजते म्हणून नीच, ही प्रतवारी मग टिकत नाही. 'बहरला हा मधुमास'ला मात्र मी एवढे निर्दोष म्हणणार नाही. चाल गोड आहे, पण ओळखीची आहे, आणि शाहीर साबळे यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटातून लोकांच्या लक्षात एक पदन्यासच राहावा, हे खटकते.

चाहत्यांनी जिथे खरोखर चिडायला हवे होते, तिथे त्यांतले बरेच जण गप्प बसले. 2018 मध्ये 'धडक'साठी 'झिंगाट' हिंदीत गेले. चाल तीच, संगीतकार तेच, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. करमाळ्याकडची बोली गेली, तिच्याबरोबर गावचा उद्दामपणा गेला, आणि उरले ते उदयपूरच्या पार्श्वभूमीवरचे कुठल्याही हिंदी चित्रपटात खपेल असे एक नाचगाणे. 'कोंबडी पळाली'चे 2012 मध्ये 'अग्निपथ'साठी 'चिकनी चमेली' झाले, तेव्हाही थोड्याफार फरकाने हेच घडले. दोन्ही वेळा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बाजारूपणाची तक्रार केली नाही, कारण आपली माणसे मुंबईच्या मोठ्या पडद्यावर पोचल्याच्या आनंदात आपण होतो.