चंद्राच्या वाटेवर काय दिसलं, ते आधी पूर्ण ऐका

चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना उडत्या तबकड्या दिसल्या आणि नासाने ते दडवलं, असा व्हिडिओ दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. लगेच दोन तट पडतात. एकाला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटतो, दुसरा तो न बघताच पाठवणाऱ्याला वेड्यात काढतो. माझं सांगणं दोघांनाही आहे. अंतराळवीरांना काही दिसलंच नाही, असं म्हणणारा चुकतो. त्यांना दिसलं होतं आणि त्यांनी ते सांगितलंही होतं. म्हणून वाद जरूर घाला, पण कोणत्या मोहिमेत, कुणाला, काय दिसलं आणि त्या वेळी आसपास आणखी काय होतं, एवढं आधी पाहून घ्या.

सगळ्यात जास्त फिरते ती अपोलो ११ ची गोष्ट. १६ जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स निघाले. चंद्राच्या वाटेवर असताना त्यांना खिडकीतून एक उजेडाचा ठिपका दिसला. तो त्यांच्याबरोबरच चालला होता. तिघांनी तो दुर्बिणीतून पाहिला, यानावरच्या सेक्स्टंट या दिशा ठरवण्याच्या यंत्रातूनही पाहिला. कधी तो उघड्या पुस्तकासारखा दिसे, कधी पोकळ नळकांड्यासारखा. सेक्स्टंटचा फोकस फिरवला की आकार बदले. परत आल्यावर झालेल्या सविस्तर चौकशीत तिघांनी हे सगळं सांगितलं. ती नोंद आज कुणालाही वाचता येते. फोकसबरोबर वस्तूचा आकार बदलतो, ही बाब व्हिडिओवाले सांगत नाहीत, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. ज्या यंत्रातून पाहिलं, त्याच्या मर्यादेपलीकडची ती वस्तू होती.

मग त्यांनी केलं काय? ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला थेट 'आमच्या शेजारी काहीतरी चाललंय' असं कळवलं नाही. रॉकेटचा सोडून दिलेला तिसरा टप्पा आमच्यापासून किती लांब आहे, एवढंच विचारलं. उत्तर आलं, सुमारे ११,००० किलोमीटर. एवढ्या अंतरावरची वस्तू अशी दिसणार नाही, हे त्यांना कळलं. थेट न विचारण्यामागे सावधगिरी होती. संभाषण सगळं जग ऐकत होतं आणि नसता गोंधळ त्यांना नको होता. ऑल्ड्रिननेच नंतर हे सांगितलं आहे. दडवादडवीचा संशय घेणाऱ्यांना या ठिकाणी एक गुण द्यायला हवा: त्यांनी शब्द खरोखरच जपून वापरले होते. पण हेही आपल्याला कळतं ते त्यांनी स्वतः सांगितलं म्हणूनच.

मग तो ठिपका होता तरी कशाचा? चंद्रावर उतरणारं यान रॉकेटच्या टोकाशी चार मोठ्या पत्र्यांच्या आवरणात बसवलेलं असे. मुख्य यान सुटं झालं की हे चारही पत्रे बाजूला फेकले जात. पुढे काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. धावत्या एसटीच्या खिडकीतून केळ्याचं साल टाकलं की ते मागे पडतं, कारण हवा त्याला अडवते. अवकाशात अडवायला हवा नाही. ज्या वेगाने यान चाललंय, जवळजवळ त्याच वेगाने तो पत्राही चंद्राच्या दिशेने जात राहतो, गोल गोल कोलांट्या खात. ऊन लागलं की चमकतो, पाठ फिरली की विझतो. 'त्याने आमचा पाठलाग केला' असं जे वाटतं, ते यामुळे. ऑल्ड्रिनचं मत होतं की दिसला तो या चारपैकी एक पत्रा असावा. नेमका कोणता, हे सांगता येत नाही. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ती वस्तू अनोळखीच राहिली. अनोळखी आणि परग्रहावरची यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाच ऑल्ड्रिन पुढे एका माहितीपटात बोलला, तेव्हा त्याचं 'दिसलं' ठेवलं गेलं आणि पत्र्याचं स्पष्टीकरण कापलं गेलं. त्याने त्याबद्दल उघड तक्रार केली. तरी कापलेला तुकडा आजही फिरतोच आहे.

अंतराळात डोळ्यांनाही दगा होतो, तो माणसाच्या लबाडीने नाही. धुकं नाही, झाड नाही, डोंगर नाही. त्यामुळे खिडकीबाहेर हातभर अंतरावरचा बर्फाचा कण आणि शेकडो किलोमीटरवरचा धातूचा तुकडा सारखेच दिसू शकतात. यानातलं सांडपाणी आणि लघवी बाहेर सोडली की ती क्षणात गोठते आणि उन्हात चमचमते. १९६२ मध्ये जॉन ग्लेनला पृथ्वीभोवती फिरताना खिडकीबाहेर काजव्यांसारखे कण दिसले होते. ते काय आहेत, त्याला समजेना. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर गेला. त्याने आतून यानाच्या भिंतीवर हात आपटला, तसा कणांचा थवा उडाला. यानावर जमलेलं हिव होतं ते. एका थापेने कोडं सुटलं, पण त्यासाठी आधीच्याने जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलेलं असावं लागलं. ग्लेनला हसून गप्प बसवलं असतं, तर कार्पेंटरने भिंतीवर हात आपटलाही नसता.

काही कोडी सुटायला वर्षं लागतात. अपोलो १६ ची माणसं एप्रिल १९७२ मध्ये परतत असताना घेतलेल्या फिल्ममध्ये घुमटवाल्या बशीसारखं काहीतरी दिसतं. जेमतेम काही सेकंदांचं दृश्य. नासाने २००४ मध्ये ते तपासलं तेव्हा तो यानाबाहेरच्या दांडीवर बसवलेला दिवा निघाला. अपोलो १२ चं तर त्याहून नवल. सप्टेंबर २००२ मध्ये बिल युंग या हौशी निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक नवीच वस्तू सापडली. लघुग्रह म्हणावा तर तो पृथ्वीभोवती कशाला फिरेल? शास्त्रज्ञांनी तिच्यावरून येणारा प्रकाश तपासला. तो अपोलोच्या सॅटर्न रॉकेटला दिलेल्या पांढऱ्या रंगाशी जुळला. १९६९ मध्ये अपोलो १२ ने सोडून दिलेला तिसरा टप्पा ३३ वर्षांनी परत आला असावा.

असा प्रसंग आपल्याकडेही घडला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात अनेकांनी आकाशातून जळत जाणारी लांबलचक रेघ पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूची मोठी कडी पडलेली सापडली. ती एका चिनी रॉकेटच्या टप्प्याची असावी, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. लोकांनी पाहिलं ते खरंच होतं. अंदाज तेवढे चुकले. कडी हाती लागली म्हणून खात्रीच्या जवळ जाता आलं.

परग्रहावर जीव असतील का, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा मुळीच नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गंभीरपणे घेतला होता. २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली गेली आणि त्यात सूक्ष्मजीव आहेत का, हे तपासलं गेलं. पुढच्या एका उड्डाणानंतर २००९ मध्ये तीन नव्या जीवाणूंची घोषणा झाली. तेव्हाही इस्रोने स्पष्ट सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचं यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. एवढ्या कष्टाने नमुने आणणारी माणसं इतकं तोलूनमापून बोलतात. आपण निदान कापलेल्या क्लिपवरून निकाल देऊ नये.

म्हणून काही गोष्टी हक्काने मागतो. व्हिडिओ आला तर पाठवणाऱ्याला मोहिमेचं नाव आणि तारीख विचारा. दोन्ही नसतील तर तो पुढे ढकलू नका. असतील, तर त्या मोहिमेचं संभाषण शोधा. अपोलोची ध्वनिमुद्रणं आणि लिखित नोंदी इंटरनेटवर फुकट मिळतात. ज्या वाक्यावर गदारोळ चाललाय, त्याच्या दहा मिनिटं आधीचं आणि दहा मिनिटं नंतरचं ऐका. चंद्राच्या विवराकाठी उभ्या परक्या यानांबद्दल आर्मस्ट्राँग बोलला, असा जो संवाद फिरतो, तो तिथे कुठेच सापडणार नाही. शिक्षकांनी तर आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग करावाच. इंग्रजी कानावर पडेल आणि पुरावा कशाला म्हणतात, तेही कळेल.

आणि उद्या तुम्हालाच गच्चीवरून काही दिसलं तर? आधी घड्याळ पाहा. दिशा लक्षात ठेवा. हात ताठ लांब करून मूठ धरा: एक मूठ म्हणजे आकाशात साधारण १० अंश. क्षितिजापासून वस्तू किती मुठी वर आहे, ते मोजा. मोबाइलने टिपताना शेजारची टाकी किंवा खांब चित्रात येऊ द्या, नुसतं काळं आकाश नको. आवाज होता का, ती लुकलुकत होती का, किती वेळ दिसली, हे कागदावर उतरवा, तेही शेजाऱ्यांशी बोलण्याआधी. चार जणांत चर्चा झाली की ज्याचं त्याने काय पाहिलं, ते वेगळं काढता येत नाही. मग तो कागद जवळच्या खगोल मंडळाला किंवा विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.