स्टेअरिंग जड झाले, पण पंपाला लगेच हात लावू नका



ऊसतोड सुरू झाली की एका ठराविक मजकुराची पत्रे येऊ लागतात. ट्रॅक्टर जुना, बारा-पंधरा वर्षे राबलेला. पॉवर स्टेअरिंग एकाएकी जड झाले. फिटर म्हणतो पंप गेला. तर नवा घालावा काय? माझे उत्तर दरवेळी एकच असते. थोडे थांबा. पंप जातो, नाही असे नाही. पण तो सगळ्यांत शेवटी तपासायचा असतो, आणि आपण नेमके तेथूनच सुरू करतो.

गेल्या हंगामात माझ्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे असेच झाले. बांधाशी वळताना अंगातले सगळे बळ लावावे तेव्हा चाक हलायचे. आम्ही दोघांनी मिळून ‘पंपच’ असा निकाल दिला (त्यात मीही होतो, लपवत नाही) आणि वहिनींनी भिशीचे उचललेले पैसे त्यात घातले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर दोष सापडला तो टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या ढिल्या क्लिपेत. वहिनी अजून ऐकवतात, आणि त्यांचे चुकत नाही.

आता तुमच्या ट्रॅक्टरकडे वळू. पहिल्यांदा त्याचे स्टेअरिंग कोणत्या जातीचे आहे ते पाहा. स्टेअरिंगच्या दांड्याखाली पेटी असून तिच्यापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी दांडे जात असतील, तर तेल फक्त मदतीला आहे. तेल संपले तरी जोर लावून का होईना, चाके वळतात. पण दांड्याखाली एक ठोकळा आणि त्यातून निघालेल्या नुसत्या नळ्या असतील, तर तुमच्या हातात आणि चाकांत तेलाशिवाय दुसरा दुवाच नाही. अशा ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडले, तर तो ठोकळा हातपंपासारखा चालतो आणि चाके मुश्किलीने वळतात. नळी फुटून तेल सांडले, तर मात्र हातातले चाक नुसते फिरत राहते आणि ट्रॅक्टर जायचे तिकडे जातो. जुन्या ट्रॅक्टरला बाहेरून किट बसवून घेतले असेल, तर ही तपासणी विशेष करा. आपल्याकडे नक्की काय बसवले आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

म्हणून दुसऱ्या जातीच्या स्टेअरिंगची नळी पाझरत असेल, तर ती बदलेपर्यंत ट्रॉली जोडून रस्त्यावर जाऊ नका. कारखान्याची पाळी चुकली तरी चालेल. आणि डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींना खोड असते, ती अशा ट्रॅक्टरवर तरी आजच टाका.

तपासणीला सुरुवात तेलापासून करा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करा, टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसा आणि मगच झाकण उघडा. तेल खुणेपर्यंत आहे का, हे तर पाहायचेच. पण ते दिसते कसे, हे जास्त महत्त्वाचे. ताकासारखे पांढरट असेल तर पाणी शिरले आहे. काळे होऊन जळका वास येत असेल तर ते फार तापले आहे. वर फेस असेल, तर कोठून तरी हवा आत जाते आहे.

या फेसानेच आम्हाला चकवले. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून पंप तेल ओढून घेतो. तिला फट असली, तर चालू इंजिनात तेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली थेंब पडत नाही, म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही. इकडे पंप घरघर करतो, स्टेअरिंग हिसके देते, कधी हलके तर कधी जड लागते. परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून त्या नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडांना बोटाने जाड ग्रीस लावा. मात्र फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात लांब ठेवा, आणि धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे खोचून घ्या. ग्रीस लावताच घरघर कमी झाली, तर चोर सापडला. नळी जुनी होऊन कडक झाली असेल, तर क्लिप आवळून भागत नाही, नळीच बदलावी.

टाकीत फिल्टर असतो, तो कितीदा बदलायचा हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. आपल्याकडे तो ट्रॅक्टर घेतल्यापासून तसाच असतो! तो काढलात, तर टाकीही स्वच्छ डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्या. पण आतून पुसायला जुन्या धोतराचे फडके घेऊ नका. त्याचे दोरे सुटतात आणि नव्या फिल्टरच्या जाळीत जाऊन बसतात. तेल पुस्तकात सांगितलेलेच घाला. इंजिनातून काढलेले जुने तेल नको. ब्रेक ऑइल तर मुळीच नको, त्याने रबरी सील फुगून खराब होतात.

कधी कधी टाकीतले तेल दर आठवड्याला कमी होते आणि बाहेर कोठेही गळती दिसत नाही. तेव्हा इंजिनाची डिपस्टिक ओढून पाहा. काही ट्रॅक्टरांत हा पंप इंजिनाच्या गिअरवर चालतो. पंपाच्या दांड्याचे सील फाटले, की स्टेअरिंगचे तेल मुकाट्याने इंजिनात उतरते. इंजिनाचे तेल खुणेच्या वर चढलेले दिसले, तर ट्रॅक्टर चालवू नका. सील बदला आणि इंजिनाचेही तेल बदला. तेल ‘वाढले’ म्हणून खूश होणारा एक गृहस्थ मला भेटला आहे. ज्यांचा पंप पट्ट्यावर चालतो, त्यांनी इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. ढिला किंवा तेलकट पट्टा घसरतो आणि नेमक्या वळणावर, जोराची गरज असताना, दगा देतो.

तेल, हवा, फिल्टर आणि पट्टा ठीक असूनही जडपणा राहिला, तर पुढची धुरा जॅकवर उचला. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दगड आणि धुऱ्याखाली भक्कम लाकडी ठोकळे, एवढे झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. चाके अधांतरी असतानाही स्टेअरिंग जडच लागले, तर दोष बहुधा तेलाचा नाही. किंगपिन आणि सांधे ग्रीसवाचून गंजून धरले आहेत. चिखलणी संपल्यावर ग्रीस गन न फिरवलेल्या ट्रॅक्टरांत हे हमखास दिसते. वर उचलल्यावर हलके आणि जमिनीवर जड लागत असेल, तर आधी पुढच्या टायरांतली हवा मोजा. ६.००-१६ मापाच्या टायरांत साधारण २५ ते ३० पौंड हवा असते, नक्की आकडा पुस्तकात पाहून घ्या. हवा बरोबर असेल, तर मग तेलाचा दाब कमी पडतो आहे.

येथे आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. सकाळी स्टेअरिंग हलके आणि दुपारी तेल तापल्यावर जड, असे होत असेल तर तेल पातळ होऊन आतल्या आत निसटते आहे. पंप, स्टेअरिंगचा ठोकळा किंवा सिलिंडरचे सील झिजले आहे. उलट सकाळी जड आणि नंतर हलके होत असेल, तर तेल फार जाड आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. आणि एकाच बाजूला जड लागत असेल, तर पंपावर आळ घेऊ नका. पंप दोन्ही बाजूंना तोच तेल पुरवतो. दोष ठोकळ्यात, सिलिंडरात किंवा सांध्यात असतो.

दाब मोजायला फिटरकडे घड्याळ असते. ते लावून आकडा पाहिल्याशिवाय पंप बदलू देऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो. काही जण घड्याळ न लावताच दाबाच्या झडपेचा स्क्रू आवळून देतात. स्टेअरिंग दोन दिवस हलके लागते, मग नळी किंवा सील फुटते. चाके पूर्ण वळवून तशीच धरून ठेवण्याची सवयही वाईट. तेल झडपेतून जोराने परत येते आणि तापते.

एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, ऐकावी. चालू इंजिनात गळती शोधायला दाबाच्या नळीवर हात फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. वर सुईएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट सडायला लागते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा. असे तेल टोचलेच, तर हळद लावून घरी बसू नका. तत्काळ मोठ्या इस्पितळात जा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना सांगा. जखम उघडून धुवावी लागते.

दुरुस्तीनंतर हवा काढायला विसरू नका. टाकी भरा, पुढची चाके जॅकवर उचला, इंजिन मंद चालवा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. इंजिन बंद करून तेल पुन्हा भरा. फेस जाईपर्यंत असेच करा, घाई नको.

भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना ट्रॅक्टर वळत नाही, अशीही काही पत्रे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचे स्टेअरिंग धड असते. मागच्या ओझ्याने पुढचा भाग उचलला जातो आणि वळलेली चाके रस्त्यावर नुसती घसरतात. त्यावर पुढे वजने लावा आणि उसाच्या चार मोळ्या कमी भरा.

पत्र लिहाल तेव्हा ट्रॅक्टर कोणता, पंप पट्ट्यावर की गिअरवर, तेलाचा रंग कसा आणि जड कधी लागते, सकाळी की दुपारी, एवढे जरूर कळवा.